अच्छेर आणि त्यावरची शीग

माझ्या वर्गातल्या मुलींना इंग्रजी येत नसे असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना एक शब्द फार छान येत असे, फक्त तो मराठी होता. कदाचित. 'हि मे कम', तो कदाचित येईल. 'हि मे वेल कम', तो कदाचित येईल. 'हि माइट पॉसिबली कम', तोही कदाचितच येईल. फळ्यावर तीन वाक्यं लिहिली की वहीत तीनदा एकच उत्तर उतरे. मी चिडले की मागच्या बाकावरची एखादी विचारी, "बाई, तो येणार की नाही, ते एकदा सांगून टाका ना!" राग माझ्या नाकावरच असतो, त्यामुळे तिला दोन तास उभं राहावं लागे. पण घरी चालत येताना मला वाटे, पोरीचं चुकलं कुठे?

हे सगळं लढाईच्या दिवसांतलं, दुसऱ्या महायुद्धाच्या. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नगरच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. वडील भिंगारला लष्करी कचेरीत कारकून होते, म्हणून आम्ही भिंगारलाच राहायचो आणि मी रोज नगरला पायी जायची. लग्न व्हायचं होतं आणि त्याची काळजी मी सोडून सगळ्यांना होती. मला काळजी होती ती 'मे' आणि 'माइट' यांची, आणि त्यांच्या पाठीला चिकटून बसणाऱ्या त्या छोट्या शब्दांची. वेल, प्रॉबेबली, सर्टनली, पॉसिबली, हार्डली. पुस्तकात त्यांची यादी होती. यादी पाठ होते, पण यादीनं कोणी बोलायला लागत नाही.

उत्तर मिळालं ते आमच्याच चुलीपुढे. वडील दुपारी कधी जेवायला येत, कधी कचेरीतच अडकत. मी आईला विचारलं, "बाबा येणार आहेत का?" आई म्हणाली, "येतीलच बहुतेक," आणि तिनं अच्छेराच्या, म्हणजे अर्ध्या शेराच्या, मापानं तांदूळ काढून काठावर चांगली उंच शीग राहू दिली. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. "येतीलही," असं म्हणून तिनं अच्छेर भरलं आणि वरून हात फिरवून सपाट केलं. मी बघतच राहिले. माझ्या आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण 'मे वेल' आणि 'मे पॉसिबली' यांतला फरक तिच्या तळहाताला पक्का ठाऊक होता.

तसं हे मला आधीच सुचायला हवं होतं. आमचं मूळ गाव सोनई, आणि तिथं चुलत्यांचं भुसाराचं दुकान. लहानपणी सुट्टीत मी तासन् तास मापाड्याकडे बघत बसायची. माप तेच, धान्य तेच. पण मापाड्याचा हात वर काय करतो यावर सगळा खेळ. शीग ठेवली तर गिऱ्हाईक हसतं, हात फिरवला तर कुरकुरतं. मी ते सगळं वर्गात नेलं. अक्षरशः नेलं. पिशवीत शेर, अच्छेर, पावशेर अशी घरातली तिन्ही मापं आणि वर ज्वारी. आईनं त्यावरून दोन दिवस तोंड चालू ठेवलं होतं.

'विल' आणि 'मस्ट' म्हणजे शेर. 'मे' म्हणजे अच्छेर. 'माइट' म्हणजे पावशेर. मग वरचा हात. 'सर्टनली' आलं, शेरावर शीग. 'प्रॉबेबली' आलं, शेरातून एक मूठ परत. 'मे'वर 'वेल' आलं की अच्छेर शिगोशीग. 'पॉसिबली' आलं की हात फिरवून सपाट. 'कॅन हार्डली' म्हटलं की मी माप सरळ पालथं घालायची आणि मुली टाळ्या पिटायच्या. वाक्यात कोण कुठे बसतं, हेही त्यातच आलं. आधी माप, मग हात, शेवटी धान्य. 'मे', मग 'वेल', मग 'कम'. 'कुड'चं माप मात्र मला कधी नीट ठरवता आलं नाही, ते आजतागायत.

आठवड्याभरात वर्ग पालटला. "बाई, उद्या सुट्टी आहे?" असं विचारल्यावर मी "मे पॉसिबली" म्हटलं की तीस पोरी एकदम हवेत हात फिरवायच्या. मी खूश होते आणि तसं तोंडावर दिसू नये म्हणून आणखी कडक वागत होते.

मग तपासणी आली. आलेले साहेब पुण्याचे, कोट-टोपीतले. फळ्यावर काढलेल्या मापांच्या चित्रांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, टेबलावरची ज्वारी पाहिली आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "हा इंग्रजीचा तास आहे की भुसार बाजार?" मुली हसल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. त्या दिवशी मी मापं पिशवीत घालून घरी आणली, मांडणीवर आदळली आणि आईला सांगितलं, "ही घे तुझी मापं." रात्री जेवलेही नाही. पुढल्या तासाला यादी पाठ करून घेतली.

त्यानंतरच्याच रविवारची सकाळ. वडील दोन दिवसांसाठी सोनईला गेले होते. आई तुळशीला पाणी घालत होती आणि मी ओट्यावर वह्या तपासत होते. एवढ्यात एक म्हातारा आणि त्याच्यामागे डोक्यावरून पदर घेतलेली एक तरुण बाई अशी दोघं येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याचं पागोटं धुळीनं मातकट झालं होतं.

"मास्तरीनबाईचं घर ह्येच का?" त्यानं विचारलं. "कचेरी बंद हाय म्हनं आज. दारावरला शिपाई म्हनला, कागूद वाचायचा आसंल तर हितं जा."

"हेच. कुठून आलात, बाबा?"

"पाथर्डीच्याबी फुडून. काल निगालो, गाडी जुपून." त्यानं मागे मान वळवली. "ही आमची सूनबाई. ल्योक पलटनीत हुता. मलायात."

'हुता' हा शब्द ऐकून मी लेखणी खाली ठेवली.

त्यानं जे सांगितलं ते तुटक होतं, पण कळत होतं. दीड वर्ष पोराचं पत्र नव्हतं. मग सरकारी पाकीट आलं, इंग्रजीत. गावात इंग्रजी येणारा एकच, मराठी शाळेचा मास्तर, आणि त्यालाही ते आपल्यापुरतंच येत होतं. त्यानं कागद उघडला, वर 'रिग्रेट' वाचलं, मध्ये 'किल्ड' वाचलं, आणि पुढे वाचलंच नाही. मरणाचं पत्र आमच्याकडे उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. मास्तरानं रीतीप्रमाणे केलं. चार घड्या घातल्या आणि टराटरा फाडलं. घरात रडारड झाली. त्या दिवसापासून भावकीनं दिवस धरले.

"आज आठवा," म्हातारा म्हणाला. "परवा धावा. देह न्हाई, म्हनून भटजी जाळाया पानाचा पुतळा करनार हायती. समदं ठरलंय. पर ही आयकंना. बांगड्या फोडाया बाया बसल्या तर दोन फुटल्यावर हात काढून घेतला हिनं. म्हनती, तिसऱ्याच मानसाकडून वाचून आना, मग काय करायचं ते करा. लई हट्टी हाय."

तक्रारीच्या सुरात सांगत होता, पण एवढ्या उन्हातान्हात गाडी जुंपून तो तिला घेऊन आला होता, हे मला दिसत होतंच. मी तिच्याकडे पाहिलं. वीस-बावीसची असेल. एका हातात चार बांगड्या, एका हातात दोन. कपाळ पांढरंफटक. कुंकू कोणी पुसलं नव्हतं, पण आठ दिवसांत तिनं लावलंही नव्हतं. नुसता गोंदणाचा हिरवा ठिपका होता.

"आणि कागद?" मी विचारलं.

तिनं ओचा सोडला. त्यात कागदाचे कपटे होते. दारापुढल्या बाभळीखालून तिनं वेचून आणले होते. काहींना माती लागली होती आणि एकावर बाभळीचा काटा तसाच होता.

आई तुळशीपासून हे सगळं ऐकत होती. ती पुढे आली आणि दारात आडवी उभी राहिली. "तो कागद आत येणार नाही," ती मला म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, भीती होती. माझा भाऊ त्याच वर्षी आजारातून उठला होता. मी म्हटलं, "नको आत. ओट्यावरच लावते. मला कणकेची खळ तेवढी करून दे." आईनं खळ केली आणि वाटी उंबऱ्यावरून माझ्याकडे सरकवली.

जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू मी ओट्यावर पसरली आणि एकेक कपटा लावायला बसले. वारा होता, म्हणून प्रत्येकावर चिंचोका ठेवत होते. म्हातारा पायरीवर बसला. सून खांबाला टेकून उभीच राहिली, मी दोनदा सांगितलं तरी बसली नाही. टाइप केलेलं पत्र होतं, त्यामुळे ओळी जुळवणं सोपं गेलं. वर तेच 'आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू'. हे सरकारी लोक पाणी बंद असलं तरी 'रिग्रेट' लिहितात, हे मी वडिलांच्या कागदांवरून ओळखून होते. मास्तराला बिचाऱ्याला कुठून माहीत असणार! मग मुलाचा नंबर, पलटण. मग, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून काही कळलेलं नाही. शेवटच्या ओळी सलग होत्या. 'यू विल प्रॉबेबली नॉट हिअर फॉर सम टाइम. यू विल सर्टनली बी इन्फॉर्म्ड.' बराच काळ बहुधा काही कळणार नाही. कळल्यावर तुम्हाला नक्की कळवू.

मधल्या ओळींशी येऊन मी थांबले. तिथं भोक होतं. चतकोर भाकरीच्या आकाराचा, वर रुंद आणि खाली निमुळता असा एक तुकडा नव्हताच. वरच्या ओळीत 'हि मे' आणि पुढे काही नाही. खालच्या ओळीत पुन्हा 'हि मे', मग भोक, आणि भोकापलीकडे 'बीन किल्ड'.

मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं बोलले. "बाबा, हे मेल्याचं पत्र नाही!"

म्हातारा उभा राहिला. "मंजी? जित्ता हाय?"

मी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. जिवंत आहे असंही लिहिलेलं नव्हतं. "इथं लिहिलंय," मी सावकाश म्हणाले, "मेला असेल. मेला, असं नाही. असेल. आणि त्याच्या वर आणखी काहीतरी असेल म्हणून लिहिलंय, ते सापडत नाही."

"आसंल," तो म्हणाला आणि खाली बसला. "आसंल तर आमालाबी वाटतंयच की, बाई. त्याला सरकार कशाला पायजे? आसंल मंजी किती? भावकीला काय सांगू मी परवा?"

किती. हाच प्रश्न मागच्या बाकावरच्या पोरीचा होता, आणि तिला मी दोन तास उभं केलं होतं. मी उठले, आत गेले, मांडणीवरची मापं घेतली, डब्यातली ज्वारी घेतली आणि त्या साहेबांचा मनातल्या मनात उद्धार करत बाहेर आले. म्हाताऱ्यापुढे अच्छेर ठेवलं आणि भरलं.

"हे बघा. इंग्रजीत 'मे' म्हणतात ते हे. अच्छेर. शेर नाही, अर्धंच. पण इंग्रज माणूस नुसतं माप देऊन थांबत नाही, वरून हात दाखवतो." मी शीग लावली. "हा हात दाखवला तर समजायचं, गोष्ट बहुतेक तशीच असणार." मग तळहात फिरवून सपाट केलं. "आणि हा दाखवला तर, असलं तर असेल, आपण आपलं सांगून ठेवतो. माप आधी, मग हात. इथं 'मे' दोनदा आहे. एक मरणाचं, एक दुसऱ्या कशाचं तरी. शीग कोणाला लावलीय आणि हात कोणावरून फिरवलाय, ते नेमकं या भोकात गेलंय."

पुण्याच्या साहेबांना जे वर्षभर समजावलं असतं तरी कळलं नसतं, ते त्या म्हाताऱ्याला एका दमात कळलं. त्यानं अच्छेराकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "शीग मरनाला आसंल तर मंग भावकीचंच खरं."

"हो."

"आन् न्हाई तर न्हाई."

"नाही तर नाही."

खोटं बोलावं असं मला वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. फार वाटलं. ती पोर खांबाशी उभी होती आणि शीग दुसरीकडे आहे असं मी ठोकून दिलं असतं तर कोण विचारायला येणार होतं? पण मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं माप भरायला माझा हात धजेना. सगळा राग मी म्हाताऱ्यावर काढला. "एवढा मोलाचा कागद, आणि एक तुकडा गमावून बसलात! नीट शोधलंत तरी का? एक, फक्त एक तुकडा कमी आहे हो!"

तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "वाऱ्यानं ग्येला आसंल. हीच येचीत हुती."

तेव्हा सून बोलली. आल्यापासून पहिल्यांदाच. "मामंजी," ती म्हणाली, "रागवू नगा."

खाली बसून तिनं कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून लाकडी करंडा काढला. कुंकवाचा. तो तिनं ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडलं. कुंकवात अर्धा बुडालेला, घडी घातलेला कागदाचा कपटा होता.

मागे दारात आईचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. म्हाताऱ्याचा तर चेहराच उतरला. मरणाचा कागद, आणि कुंकवाच्या करंड्यात! याहून अशुभ काही तिला करता आलं नसतं. घरी सासूला कळलं असतं तर सगळं खापर तिच्यावरच फुटलं असतं, आणि हे ती आठ दिवस एकटी जाणून होती.

"समदं बाहीर टाकायचं म्हनलं," ती खाली बघत सांगू लागली. "त्याचं घरात काईच ऱ्हायलं नसतं. एक ठिवला. मला वाचता येत न्हाई. मोठा दिसला, म्हनून त्यो ठिवला. करंड्यात कुनी हात घालीत न्हाई, म्हनून हितं." मग सासऱ्याकडे वळून, "तुमाला सांगाया धीर झाला न्हाई."

म्हातारा अजून करंड्याकडेच बघत होता. मी त्याची वाट पाहिली नाही. कपटा उचलला, झटकला, उलगडला. घडीमुळे कडा वळल्या होत्या, म्हणून भोकावर तो नीट बसेना. मग बसला. काठाला काठ लागला. लाल झालेल्या कागदावर अक्षरं काळी स्वच्छ दिसत होती. वरच्या ओळीत 'वेल हॅव बीन टेकन प्रिझनर'. खालच्या निमुळत्या टोकावर 'पॉसिबली हॅव'.

मी आधी मनात वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग माप हातात घेतलं. बोलायच्या आधी मला ते भरायचं होतं. अच्छेर भरलं आणि वर शीग रचत गेले, ज्वारी ओट्यावर सांडायला लागली तरी थांबले नाही.

"कैदी झाला असेल, याला शीग," मी म्हणाले. मग सगळं ओतलं, पुन्हा भरलं आणि हात फिरवला. "मेला असेल, याला सपाट."

ती बसल्या जागेवरून पुढे सरकली. रडली नाही. सांडलेली ज्वारी एकेक दाणा वेचायला लागली, जसे तिनं बाभळीखालून कपटे वेचले होते. म्हाताऱ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि डोळे पुसले. "धावा न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला. "परवा धावा न्हाई. भावकी गेली उडत." मग तिला म्हणाला, "ठिवलास ते ब्येस केलंस, पोरी." सासऱ्यानं सुनेला असं तोंडावर म्हणणं तेव्हाच्या काळात सोपं नव्हतं.

आणि मग आई उंबरा ओलांडून बाहेर आली. जिनं कागद आत येऊ दिला नव्हता ती माझी आई त्या मुलीपुढे बसली, तिच्याच करंड्यात, त्या कागदाच्या जागी बोट बुडवलं आणि तिच्या कपाळावर कुंकू लावलं. ठसठशीत, गोंदण झाकलं जाईल एवढं. "आत ये," आई म्हणाली, "चहा घे. आणि त्या बांगड्या सारख्या करून जा, दोन मी देते." मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी आत जाऊन मोरीत तोंड धुण्याचं निमित्त करून रडून घेतलं.

वडील आल्यावर त्यांनी कचेरीत विचारलं. तिथल्या कागदांतही इतकंच होतं, जास्त नाही, कमी नाही. गावात दहावा झाला नाही. मास्तर म्हाताऱ्याकडे येऊन पाया पडला, असं नंतर कळलं. शाळेत मी मापं पुन्हा नेली आणि कोणी काही म्हणालं तर काय उत्तर द्यायचं तेही तयार ठेवलं, पण विचारायला कोणी आलंच नाही.

पण एक कबूल केलं पाहिजे. पुढची दोन वर्षं मी निवांत झोपले नाही. अच्छेर ते अच्छेरच. शीग लावली म्हणून त्याचा शेर होत नाही, हे मीच मुलींना शिकवत होते. माझ्या शब्दावर एक बाई रोज कुंकू लावत होती, आणि तो गेलेला असला तर? म्हातारा वर्षातून दोनदा भिंगारला येई. आला की ओट्यावर बसे आणि त्याचा प्रश्न ठरलेला असे. "शीग हाय न्हवं, बाई, आजून?"

"आहे, बाबा," मी म्हणायची. दर वेळी तो उठून गेला की मी तो 'वेल' पुन्हा एकदा वाचून बघायची. चिकटवलेलं पत्र माझ्याकडेच होतं. फाटका कागद तो, म्हातारा घरी न्यायला तयार नव्हता आणि मी टाकायला. कोनाड्यात गुंडाळून ठेवला होता.

लढाई संपली त्या वर्षीच्या थंडीत ती दोघं पुन्हा आली. या वेळी पाकीट बंद होतं. आदल्या दिवशी आलं होतं आणि म्हाताऱ्यानं ते मास्तराला तर नाहीच, उन्हालासुद्धा दाखवलं नव्हतं. पागोट्यात घालून आणलं होतं. सूनबाई या वेळी खांबाशी उभी राहिली नाही. ती माझ्या अगदी शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लावून. आई न सांगता बाहेर आली. मी अच्छेर आणि ज्वारी आधीच जवळ घेऊन ठेवली, कारण मला माझ्या तोंडाचा भरवसा वाटत नव्हता.

पाकीट फोडलं. तीनच ओळी होत्या. 'रिग्रेट' नव्हतं. मी 'मे' शोधला, नव्हता. 'वेल' शोधलं, 'प्रॉबेबली' शोधलं. मुलींच्या वह्या तपासताना फिरवते तसं बोट प्रत्येक शब्दाखाली फिरवत गेले, आणि पहिल्याच ओळीत चार शब्द होते ज्यांच्यात काहीच घातलेलं नव्हतं. 'योर सन इज अलाइव्ह.' पुढे, दवाखान्यात आहे, अशक्त आहे, बोटीनं येतो आहे.

मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. म्हातारा माझ्याकडे बघत होता. त्यानं स्वतःच अच्छेर उचलून माझ्यापुढे केलं. "किती, बाई?" तो म्हणाला. "शीग हाय का सपाट? काय आसंल ते सांगा."

मी ते माप त्याच्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"याला माप नाही, बाबा," मी म्हणाले. "आहे. नुसतं आहे."

तो हसला की रडला ते मला सांगता येणार नाही, कारण मला स्वतःलाच नीट दिसत नव्हतं. सूनबाईनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, इंग्रजीतून. अर्थ नको म्हणाली, तसंच वाचा. तिसऱ्या खेपेला तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. 'इज.'

जायला निघाल्यावर म्हातारा पायरीवर थांबला. "त्यो जुना कागूद हाय का तुमच्याजवळ? फाटका?"

"आहे."

"द्या. घरात न्हेतो."

मी कोनाड्यातून गुंडाळी काढून दिली. खरं सांगायचं तर मला ती द्यायची नव्हती. त्यानं ती सुनेच्या हातात ठेवली. तिनं एकदा उलगडून तो लाल तुकडा पाहिला, पुन्हा गुंडाळली आणि पदराखाली घेतली.